एकच शोधनिबंध दोन नियतकालिकांत : केव्हा चालतो आणि रीतसर कसा द्यावा

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधननीतीचा तास मी सांगलीत बरीच वर्षे घेत आलो आहे आणि त्या तासाला एक प्रश्न न चुकता येतो. "सर, एक पेपर दोन जर्नलला देऊ नये म्हणता, मग प्रिझ्माचा पेपर इतक्या जर्नलमध्ये एकदम कसा आला?" विचारणाऱ्याचे काही चुकत नाही. पद्धतशीर आढावा, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून घेतलेला आढावा, कसा लिहावा हे सांगणारे प्रिझ्मा निवेदन २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल, प्लॉस मेडिसिन, अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन आणि आणखी काही नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. त्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागला नाही. उलट एखाद्या प्राध्यापकाने आपलाच जुना निबंध शीर्षक बदलून दुसरीकडे दिला आणि ते उघडकीस आले, तर तो मागे घेण्याची नामुष्की त्याच्यावर येते. हा फरक कशामुळे पडतो, आणि आपला निबंध खरोखरच दोन ठिकाणी यायला हवा असेल तर त्यासाठी काय काय करावे लागते, हे पुढे सविस्तर लिहिले आहे.

उत्तराचा गाभा एवढाच आहे की, दुसऱ्यांदा छापलेला निबंध आपण दुसऱ्यांदा छापले जात आहोत हे पहिल्याच पानावर सांगतो की नाही, आणि ते दोन्ही संपादकांना आधीपासून ठाऊक होते की नाही. बाकीचे सगळे नियम या दोन गोष्टींतून निघतात.

लपवून छापल्याने नेमके काय बिघडते

पुष्कळांना वाटते की, स्वतःचेच काम दोनदा छापले तर त्यात चोरी कोणाची झाली? चोरीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू आणि समजा, सांगलीच्या एका संशोधकाने हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यात, ठेवलेली राजापुरी हळदीची वीस पोती आणि गोदामात ठेवलेली वीस पोती घेऊन, वर्षभरानंतर दोन्हींतील कुर्कुमिनचे, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचे, प्रमाण मोजले आणि ते पेवातल्या हळदीत जास्त भरले, असे धरून चालू. हा निबंध एका नियतकालिकात आला. पुढच्या वर्षी तोच निबंध, शीर्षक बदलून, लेखकांच्या नावांचा क्रम फिरवून आणि पहिल्या निबंधाचा उल्लेख गाळून दुसरीकडे आला. आणखी पाच वर्षांनी हळदीच्या साठवणुकीवरचे जगभरातले निबंध गोळा करून त्यांचे एकत्रित गणित मांडणारा कोणी तरी येतो. त्याच्या तक्त्यात सांगलीची चाळीस पोती ऐंशी होतात. अशा गणितात ज्या अभ्यासात नमुने जास्त त्याचे वजन जास्त धरले जाते, त्यामुळे हरिपूरचा निकाल इतरांच्या निकालांवर विनाकारण भारी पडतो. पेवातली हळद प्रत्यक्षात असेल त्यापेक्षा चांगली ठरते.

हळदीच्या बाबतीत नुकसान व्यापाऱ्याचे होईल, औषधाच्या बाबतीत ते रुग्णाचे होते. मार्टिन ट्रामेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेमका हा प्रकार मोजून दाखवला. शस्त्रक्रियेनंतरची उलटी थांबवण्यासाठी ओन्डान्सेट्रॉन हे औषध देतात आणि त्याच्या चाचण्यांवरचे निबंध त्यांनी तपासले. छापून आलेल्या निबंधांपैकी १७ टक्के निबंध पुन्हा छापलेले निघाले, रुग्णांच्या माहितीपैकी २८ टक्के माहिती दुहेरी होती, आणि ती वेगळी न काढता हिशेब केला तर औषधाचा गुण २३ टक्क्यांनी फुगून दिसत होता. त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या चाचण्यांत औषधाचा गुण अधिक दिसला होता त्याच चाचण्या दोनदा छापल्या जाण्याचे प्रमाण जास्त होते. म्हणजे ही चूक दोन्ही बाजूंना सारखी विखुरलेली नसते. ती एकाच दिशेने ढकलत नेते. मी हा निबंध दरवर्षी वर्गात वाचायला देतो, कारण त्यानंतर नियम पाठ करून घ्यावा लागत नाही.

संपादकांचे स्वतःचे कारण याहून जुने आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ मध्ये जाहीर केले की, अन्यत्र प्रसिद्ध झालेले काम आम्ही छापणार नाही. नियतकालिकाचा ताजेपणा जपणे हा त्यामागचा सरळ हेतू होता, आणि छापण्याआधी निबंध तपासणारे समीक्षक फुकट वेळ देत असल्यामुळे एकाच कामावर दोन ठिकाणी तो खर्च होऊ नये, हा विचार आज त्याला जोडला जातो. मला स्वतःला ताजेपणापेक्षा समीक्षकांच्या वेळेचे कारण जास्त पटते.

मग कोणत्या कारणांनी तो दोनदा येऊ शकतो

पहिले कारण भाषा. जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेचे आंगेवांटे खेमी हे नियतकालिक १९६२ पासून इंग्रजी आवृत्तीही काढू लागले. एकच निबंध जर्मन आवृत्तीत एका पृष्ठक्रमांकावर आणि आंतरराष्ट्रीय आवृत्तीत दुसऱ्या पृष्ठक्रमांकावर आल्याची असंख्य उदाहरणे आहेत, आणि रसायनशास्त्रातले लोक संदर्भ देताना दोन्ही पृष्ठक्रमांक शेजारीशेजारी लिहितात. तेथे लपवालपवीला जागाच उरत नाही, कारण संदर्भ देण्याची पद्धतच सांगते की हे एकच काम आहे.

दुसरे कारण वाचक. आपल्या हळदीच्या निबंधाचा इंग्रजी वाचक अन्नतंत्रज्ञानातला असेल, पण पेव वापरावे की गोदाम हा निर्णय तो घेणार नाही. तो निर्णय घेणारा शेतकरी, अडत्या किंवा कृषी सहायक मराठी वाचतो. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांचे मोठे नुकसान झाले, त्यानंतर गोदामे आणि शीतगृहे वाढली, आणि पेव राखावे की नाही हा येथे जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. म्हणून तोच निबंध थोडा आटोपशीर करून मराठी नियतकालिकात येणे पूर्णपणे योग्य आहे, आणि माझे तर मत आहे की असे निबंध आपल्याकडे फार थोडे येतात. मात्र येथे एक भेद करायला हवा. मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेसारख्या ठिकाणी त्याच विषयावर सामान्य वाचकांसाठी लेख लिहिला, तर तो शोधनिबंधाचे पुनःप्रकाशन ठरत नाही. तो लेख आहे, त्यात मूळ निबंधाचा उल्लेख केला की पुरे. समीक्षा होणाऱ्या संशोधन नियतकालिकात आकड्यांच्या तक्त्यांसह तोच निबंध द्यायचा असेल, तेव्हाच पुढची सगळी प्रक्रिया लागते.

तिसरे कारण प्रिझ्मासारख्या नियमावल्यांचे आहे. त्यात मोजमापाची नवी माहिती नसते, त्यामुळे ती दोनदा मोजली जाण्याचा धोका नाही; उलट ती प्रत्येक शाखेच्या वाचकापर्यंत पोहोचली नाही तर तिचा उपयोगच नाही. संपादक आपसांत ठरवून ती छापतात. आपल्यापैकी बहुतेकांना या कारणाचा आधार घेण्याची वेळ येणार नाही, तेव्हा ते एवढ्यावर सोडतो.

याखेरीज काही गोष्टी पुनःप्रकाशनासारख्या दिसतात, पण तशा नसतात. भौतिकशास्त्रात आधी 'पत्र' म्हणून ओळखला जाणारा चार पानांचा छोटा निबंध आणि मग सविस्तर निबंध अशी रीत आहे. संगणकशास्त्रात परिषदेत वाचलेला निबंध भर घालून नियतकालिकाला देतात, आणि किती भर हवी हे प्रत्येक नियतकालिक आपापले ठरवते. अर्काइव्हवर १९९१ पासून, बायोअर्काइव्हवर २०१३ पासून आणि मेडअर्काइव्हवर २०१९ पासून, अशा संकेतस्थळांवर लोक समीक्षेआधीचे मसुदे ठेवत आले आहेत. आज बहुतेक विज्ञान नियतकालिके त्याला हरकत घेत नाहीत, तरी निबंध पाठवण्यापूर्वी त्या त्या नियतकालिकाचे धोरण वाचावे आणि पत्रात मसुद्याचा दुवा द्यावा.

एकाच माहितीवर दोन निबंध हा प्रकार मात्र सर्वांत निसरडा आहे. आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला भूकंप झाला आणि धरणात बसवलेल्या यंत्रावर त्या हादऱ्याची नोंद मिळाली. भूकंपशास्त्रज्ञांनी जलाशयातल्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध तपासला. धरण अभियंत्यांनी तीच नोंद घेऊन धरणाला तडे कोणत्या उंचीवर आणि का गेले हे तपासले. अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांचा १९७३ चा निबंध त्यांपैकी प्रसिद्ध आहे. भूकंप एक, नोंद एक, आणि निबंध कितीतरी, पण प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आणि प्रत्येकाला उत्तरही वेगळे. हे उघड आणि निर्दोष आहे. याउलट, चाळीस पोत्यांपैकी पेवातल्या वीस पोत्यांवर एक निबंध आणि गोदामातल्या वीस पोत्यांवर दुसरा निबंध लिहिला, तर तुलना हाच ज्या प्रयोगाचा हेतू होता त्याच्या फोडी करून विकल्यासारखे होते. स्वतःला विचारावे की, दुसरा निबंध वाचणाऱ्याला पहिला न वाचता प्रश्न आणि उत्तर दोन्ही पूर्ण मिळतात का. मिळत नसतील तर निबंध एकच आहे.

प्रत्यक्ष कसे करावे

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की, समीक्षेसाठी एका वेळी एकाच नियतकालिकाकडे निबंध असायला हवा. हा नियम मी स्वतः मोडून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका नियतकालिकाकडे पाठवलेल्या निबंधाला सात महिने उत्तर आले नाही म्हणून मी तोच निबंध, पहिल्याला काहीही न कळवता, दुसऱ्याकडे पाठवला. विषय इतका अरुंद होता की देशात तो तपासू शकणारे चार-पाचच जण असावेत. दोन्ही संपादकांनी तो एकाच समीक्षकाकडे पाठवला. त्या गृहस्थांनी दोन्ही प्रती एकत्र टाचून एकाच पत्राने दोघांनाही परत केल्या. निबंध दोन्हीकडून गेला, आणि त्यातल्या एका संपादकांना परिषदेत भेटण्याचे धैर्य व्हायला मला काही वर्षे लागली. सात महिने उत्तर नसेल तर आधी स्मरणपत्र पाठवावे, मग निबंध मागे घेत असल्याचे लेखी कळवावे, आणि मागे घेतल्याची पोच हातात आल्यावरच तो दुसरीकडे पाठवावा. पोच न मिळता, निबंध मागे घेत असल्याचे पत्र नुसते पाठवून दिले एवढे पुरेसे धरू नये.

निबंध पहिल्या ठिकाणी प्रसिद्ध झाला आणि आता त्याची मराठी किंवा वेगळ्या वाचकांसाठीची आवृत्ती द्यायची आहे, असे धरून पुढे जाऊ. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, जी १९७८ मध्ये व्हँकूव्हरला भरलेल्या बैठकीतून उभी राहिली, तिने अशा दुसऱ्या प्रकाशनाच्या अटी स्पष्ट लिहून ठेवल्या आहेत आणि वैद्यकाबाहेरही त्या वापरायला सोयीच्या आहेत. दोन्ही संपादकांची संमती हवी. दोन प्रकाशनांमध्ये किती अंतर ठेवायचे हे दोन्ही संपादकांनी लेखकांशी बोलून ठरवावे, म्हणजे पहिल्याचा मान राहतो. दुसरी आवृत्ती वेगळ्या वाचकवर्गासाठी असावी. ती संक्षिप्त असली तरी चालते. लेखक, आकडे आणि निष्कर्ष पहिल्याप्रमाणेच असावेत. आणि हे दुसरे प्रकाशन आहे हे शीर्षकातून तसेच तळटीपेतून कळावे.

यातली लेखकांची अट वाचताना साधी वाटते, पण आपल्याकडे ती सर्वांत जास्त मोडली जाते. मराठी आवृत्तीचे भाषांतर विभागातल्या एका सहकाऱ्याने केले की त्याचे नाव चौथा लेखक म्हणून घालण्याचा मोह होतो. तसे करू नये. त्याचा उल्लेख 'अनुवाद' असा स्वतंत्रपणे करावा. त्याचप्रमाणे मधल्या काळात आणखी दहा पोती तपासली असतील तर ती मराठी आवृत्तीत घुसडू नयेत. त्यांच्यासाठी नवा निबंध लिहावा, कारण जुने आकडे आणि नवे आकडे एकत्र झाले की पुढच्या वाचकाला ते वेगळे करता येत नाहीत.

संमती मागण्यापूर्वी घरातली फाइल उघडून पहिल्या प्रकाशनाच्या वेळी आपण कशावर सही केली होती ते पाहावे. कॉपीराइट प्रकाशकाकडे सोपवला असेल तर संपादकांची संमती पुरत नाही, प्रकाशकाचीही परवानगी लागते, आणि भाषांतराचा हक्कही त्यातच आलेला असतो. निबंध मुक्त परवान्याखाली, म्हणजे सीसी बाय या खुणेखाली, प्रसिद्ध झाला असेल तर श्रेय देऊन तो पुन्हा छापायला कायद्याची आडकाठी नसते. तरी संपादकांना कळवणे चुकत नाही, कारण कायद्याने छापता येणे आणि नवे संशोधन म्हणून छापता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या संपादकांना लिहायच्या पत्रात आडपडदा नसावा. मी विद्यार्थ्यांना असा मजकूर देतो: "महोदय, सोबतच्या मराठी निबंधातील सर्व आकडे व निष्कर्ष आमच्या आधी प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी शोधनिबंधातील आहेत, त्यात नवीन निरीक्षणे नाहीत. हळद साठवणुकीशी प्रत्यक्ष संबंध असणारे वाचक मूळ नियतकालिक वाचत नाहीत, म्हणून ही आवृत्ती तयार केली आहे. मूळ निबंधाची प्रत, मूळ संपादकांचे संमतिपत्र आणि प्रकाशकाची परवानगी जोडली आहे." एवढे पुरे. नमनाला घडाभर तेल घालून मुख्य गोष्ट तिसऱ्या परिच्छेदात सांगितली, तर संपादकाला ती लपवल्यासारखी वाटते.

पहिल्या पानावरची तळटीप अशी असावी: "हा निबंध इंग्रजीत प्रथम प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचा संक्षिप्त मराठी अनुवाद असून दोन्ही संपादकांच्या संमतीने प्रसिद्ध करण्यात येत आहे. संदर्भ देताना मूळ निबंधाचा उल्लेख करावा." त्याच्या खाली मूळ नियतकालिकाचे नाव, वर्ष, खंड, पृष्ठे आणि डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, द्यावा. मुद्रितशोधन करताना ही तळटीप जागेवर आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पानाची जुळणी करताना तळटिपा गळतात आणि गळालेली तळटीप कोणामुळे गळाली हे नंतर कोणी विचारत नाही.

टक्केवारी, गुण आणि बायोडेटा

दुहेरी प्रकाशनाचा मोह आपल्याकडे कोठून येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी व बढतीसाठी असलेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांच्या तक्त्यात विज्ञान शाखेतल्या प्रत्येक शोधनिबंधाला ८ आणि भाषा व सामाजिक शास्त्रांतल्या निबंधाला १० गुण आहेत. इंग्रजी निबंध आणि त्याचा मराठी अनुवाद मिळून १६ गुण मागणारे अर्ज मी पडताळणीच्या टेबलावर पाहिले आहेत. बायोडेटात ते एका क्रमांकाखाली लिहावेत: वर मूळ निबंध, आणि त्याच्याच खाली 'मराठी आवृत्ती' म्हणून दुसरा. गुण एकदाच मागावेत.

आयोगाने एप्रिल २०२० मध्ये स्वतःच्याच जुन्या मजकुराच्या पुनर्वापराबद्दल वेगळी सूचना काढली. योग्य उल्लेख न करता आपलाच निबंध पुन्हा छापणे, मोठ्या अभ्यासाचे तुकडे करणे, जुनी माहिती नवी म्हणून वापरणे, हे सगळे तिने अमान्य ठरवले. त्याआधीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत आधीच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि ६० च्या वर अशा चढत्या पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर निबंध मागे घ्यावा लागतोच, शिवाय दोन वार्षिक वेतनवाढी जातात आणि तीन वर्षे नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. येथे एक गैरसमज दूर करतो. इंग्रजी निबंधाचे मराठी भाषांतर साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले तर साम्य शून्याच्या जवळ येऊ शकते, आणि तो अहवाल पाहून पुष्कळांना सुटल्यासारखे वाटते. अहवाल शब्द जुळवतो. आकडे तेच आहेत का, हे तो विचारत नाही. याच्या उलट, स्वतःच्या प्रबंधातून निबंध काढला तर प्रबंध आधीच शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, असल्यामुळे साम्य साठ-सत्तर टक्के दिसेल, तरीही त्यात दोष नाही. संपादकांना पत्रात प्रबंधाचा उल्लेख करावा आणि निबंधातही तो नोंदवावा. प्रयोगपद्धतीचा परिच्छेद तोच असेल तर शब्द फिरवण्याची कसरत करण्यापेक्षा 'पद्धत पूर्वीच्या निबंधाप्रमाणे' असे लिहून तिचा सारांश द्यावा.

घडून गेले असेल तर

नकळत झालेले दुहेरी प्रकाशनही दुरुस्त करता येते. सहलेखकाने न विचारता निबंध दुसरीकडे दिला, किंवा मागे घेतलेला निबंध नियतकालिकाने चुकून छापला, असे प्रकार होतात. अशा वेळी नंतर प्रसिद्ध झालेल्या नियतकालिकाच्या संपादकांना स्वतःहून लिहावे आणि त्याची प्रत पहिल्या संपादकांना द्यावी. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या प्रकाशननीतीविषयक कोप या समितीने संपादकांसाठी अशा प्रसंगांचे टप्प्याटप्प्याचे तक्ते तयार केले आहेत. साम्य थोडे असेल तर दुरुस्तीची सूचना छापतात आणि मोठे असेल तर निबंध मागे घेतल्याची. चूक प्रकाशकाची असेल तर ती तशीच सूचनेत लिहून घ्यावी, आणि त्यासाठी मागे घेतल्याची ती जुनी पोच कामी येते. ईमेलमध्ये शोधत बसण्यापेक्षा तिची छापील प्रत निबंधाच्या फाइलमध्ये, कॉपीराइटच्या कागदाच्या मागे लावून ठेवावी.